डब्यातून काढलेल्या दोन वस्तू

माझ्या नातसुनेनं मध्यंतरी गाडीत ठेवायला प्रथमोपचाराचा तयार डबा आणला. पांढरा, झाकणावर लाल चिन्ह, आत प्रत्येक वस्तूला आपापला कप्पा. तिनं तो माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, हा तुमचा विषय. बघा बरं, काही राहिलंय का." मी चष्मा लावून एकेक वस्तू बाहेर काढली. सहा मापांच्या चिकटपट्ट्या होत्या, कापूस होता, मलम, कात्री, चिमटा, रबरी हातमोजे, डोकेदुखीच्या गोळ्या. साबण नव्हता. पाण्याची बाटली ठेवायला जागाच नव्हती. मी तसं म्हटलं तर ती हसून म्हणाली, "साबण काय आजोबा, साबण कुठेही मिळतो." मी डबा मिटून तिला परत दिला आणि गॅलरीत जाऊन बसलो. हेच वाक्य विशीत असताना मी बोललो होतो. त्या वाक्यानंतर जे घडलं ते आमच्या गावात आजही सांगतात, पण जसं सांगतात तसं ते घडलेलं नाही. जे सांगतात ते मीच पसरवलेलं आहे. नव्वदीला टेकलोय, हात कापतो, तरी ही पानं मी कुणाकडून लिहवून घेतलेली नाहीत.

आम्ही खाडीकाठचे आगरी. पावसाळ्यात खारातलं, म्हणजे खाऱ्या जमिनीतलं भात आणि दिवाळी झाली की मिठागर, असं आमचं वर्ष दोन भागांत वाटलेलं असायचं. मीठ पिकायला लागलं की आम्ही गावातलं घर जवळजवळ बंद करून बांधावरच्या झोपडीत राहायला जायचो. पेणच्या बाजूची ती खाडी, तिच्या काठानं मातीचा उंच बांध आणि बांधाच्या आत आरशांसारखे मांडलेले वाफे. सकाळी जाग यायची ती लाकडी फावड्यांच्या आवाजानं. कुणीतरी करपलेलं पातेलं खरवडतंय असा तो आवाज, चारी बाजूंनी, उन्हं डोक्यावर येईपर्यंत. दुसरा आवाज उघाडीचा. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटात बसवलेलं लाकडी दार. भरतीला ते उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटी लागायच्या आत पाडायचं. पाणी आत शिरताना ती म्हशीसारखी हंबरायची. जेवायला तांदळाची भाकरी, चुलीत भाजलेलं सुकट, कांदा, कैरीची फोड, आणि कधी संध्याकाळी चिखलातल्या निवट्या माशांचं तिखट कालवण. आमच्या कालवणात मीठ घालताना कुणी चिमूट मोजली नाही, पण गोडं पाणी मात्र वाटीनं मोजलेलं मी पाहिलं आहे. ते गावच्या विहिरीवरून बायकांच्या डोक्यावरून यायचं. ते प्यायला आणि भात शिजवायला. गोड्या पाण्यानं पाय धुणारा माणूस आमच्यात उधळ्या समजला जाई. पाय, हात, भांडी, जखमा, सगळं वाफ्यातल्या खाऱ्या पाण्यात. लोक म्हणत, ज्या पाण्यात मासा जगत नाही त्यात रोग कसा जगेल? वाफ्यातलं ते दाट पाणी अंगाला लागलं की भेगांमधून आग उठे. आग होते म्हणजे औषध काम करतं, अशी सगळ्यांची खात्री.

घरात बाबा, माझा मोठा भाऊ कान्हा, ज्याला मी दादूस म्हणायचो, त्याची बायको म्हणजे माझी वैनी हिरा, त्यांची दीड-दोन वर्षांची मंदा, मी, आणि येसूआत्या. आई मी अंगावर पीत असतानाच गेली. येसूआत्या बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही, म्हणून भावाकडे परत आलेली. आम्हा दोघा भावांना तिनं वाढवलं. उंच, हडकुळी बाई, तोंडात मिश्रीची काळी रेघ आणि आवाज असा की या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचा माणूस थांबावा. मिठागरावर कुणाला खरचटलं, कापलं की तो तिच्याकडे यायचा. तिच्याकडे गोवऱ्यांची वस्त्रगाळ राख होती, हळद-चुना होता, उंडीचं तेल होतं. मात्र लोखंड लागलेल्या माणसाला ती हात लावत नसे. तिचा नवरा मचव्यावर कामाला होता, फळीचा खिळा पायात गेला आणि दहा-बारा दिवसांत तो धनुर्वातानं गेला. तेव्हापासून खिळा म्हटलं की ती उठून उभी राहायची. "लोखंडाचा घाव माझ्या राखंला ऐकत न्हाय," म्हणायची, "होरी धरा नि डाक्तरकडं जा." होडीशिवाय तालुका गाठता येत नसे. हे दादूसला आणि मला माहीत होतं, कारण आम्हाला वाढवताना ती ते शंभरदा बोलली होती. गावाला मात्र एवढंच माहीत होतं की येसू राख लावते.

मी सातवी पास होतो. आमच्या मिठागरावर तेवढं शिकलेला मीच. त्यामुळे तालुक्याच्या डॉक्टरांनी कामकरी लोकांसाठी प्रथमोपचाराचा तीन दिवसांचा वर्ग घेतला तेव्हा सगळ्यांनी मलाच धाडलं. डॉक्टर बुटके, घामाघूम, सतत रुमालानं मान पुसणारे होते. शेवटच्या दिवशी त्यांनी फळ्यावर, रोज बरोबर बाळगायच्या डब्यात काय असावं याची यादी लिहिली. पहिली साबणाची वडी, दुसरी उकळून गार केलेल्या गोड्या पाण्याची बाटली. मग कापूस, उकळून वाळवलेलं जुनं सुती कापड, आयोडीन, कात्री, चिमटा, पिना. "डबा लहान असेल तर यादी खालून कापत या," ते म्हणाले, "वरून नव्हे. आणि खिळा, काटा, काच, काहीही खोल टोचलं तर जखम झाकायची नाही. धुवायची, परत धुवायची, आणि माणूस माझ्याकडे पाठवायचा. त्याला जे इंजेक्शन लागतं ते तुमच्या डब्यात कधीच असणार नाही." हे मी वहीत शब्दशः उतरवून घेतलं होतं. अक्षर फार सुंदर काढलं होतं.

डबा दादूसनं दिला. बिस्किटांचा चपटा पत्र्याचा डबा, त्याला त्यानं दोन भोकं पाडून जाळ्याच्या दोरीचा पट्टा लावला, म्हणजे फावडं चालवतानाही तो पाठीवर राहावा. तालुक्याहून आणलेल्या वस्तू मी झोपडीत चटईवर मांडल्या आणि घरातली सगळी भोवती बसली. मंदा पिनांवर झडप घालत होती आणि वैनी तिचे हात धरत होती. यादीतलं सगळं मी आणलं होतं आणि यादीत नसलेलं बरंच काही आणलं होतं. लाल औषधाची बाटली होती. गोल पत्र्याच्या डबीत गुंडाळलेली चिकटपट्टी होती. ती ओढली की चर्रकन आवाज व्हायचा, तो मला एवढा आवडला होता की वाटेत होडीतच मी वीतभर वाया घालवली. आणि थर्मामीटर होता. हे सगळं डब्यात मावेना. पाण्याची बाटली उभी राहीना, आडवी केली की गळायची.

"दादूस, ह्या बाटलीनं झाकान लागत न्हाय."

"मंग काढ तिला," तो म्हणाला. "चारी बाजूला पानीच हाय. पान्यात बसून पान्याचा वझा कोन वाहतो?"

बाटली निघाली. तरीही थर्मामीटरची लांबोडी नळी बसेना. साबणाच्या वडीनं कापसाला वास लागत होता, शिवाय ती धुण्याचीच वडी, वैनी वापरायची तसलीच. डबा उघडल्यावर लोकांना पहिली तीच दिसणार. डॉक्टरच्या डब्यात धुण्याचा साबण! मी ती उचलून वैनीच्या हातात दिली. "साबन काय, कोनच्याबी घरान मिलल," मी म्हणालो.

आत्या चुलीपाशी बसून हे बघत होती. "लिवून आनलास त्यान पयला काय होता रं?" तिनं विचारलं.

"तुला काय करायचा हाय? तुला वाचता येतं?"

"म्हनून तं विचारतंय," ती म्हणाली, आणि वैनी खुदकन हसली. मला राग आला. मी वही उघडली नाही. बाटली काढायला दादूस म्हणाला हे खरं, पण त्यानं यादी वाचलेली नव्हती. ती मी वाचली होती.

थर्मामीटरची गंमत सांगायला हवी. उन्हात डबा एवढा तापायचा की पारा आपोआप वर चढून बसायचा, आणि मी ज्याच्या तोंडात नळी घालीन त्याला ताप निघायचा. एकदा मी तिघांना एका दुपारी घरी पाठवलं. त्यातला एक संध्याकाळी मासे पकडताना दिसला. तेव्हापासून लोक मला 'डाक्तर' म्हणू लागले, निम्मे थट्टेनं आणि निम्मे खरोखर. वाफ्यावरून चालताना हाक यायची, "ओ डाक्तर, आमच्या बैलाला जरा ताप बघा!" पण भेग पडली, बोट कापलं की तेच लोक माझ्याकडे यायचे. वाफ्यातलं पाणी ओंजळीनं मारायचं, लाल औषध लावायचं, चर्रकन पट्टी ओढून चिकटवायची. आत्याकडे येणारी माणसं कमी झाली. तिनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मला मात्र ते रोज दिसत होतं आणि रोज बरं वाटत होतं.

चैत्री पुनवेचं उधाण होतं. वर्षातल्या अशा भरत्या मोजक्या, वाफ्यांना पाणी पुरवणारं मोठं तळं तेव्हाच भरून घ्यावं लागतं. सकाळी लवकर दादूस उघाडीचं दार उचलायला खाली उतरला. मी वर दोरीपाशी होतो. बाबा, वैनी आणि बाकीचे पार पलीकडच्या बांधावर भगदाड बुजवत होते. जुन्या दाराची एक कुजलेली फळी चिखलात उताणी पडली होती. दादूसचा पाय तिच्यावर पडला. तो ओरडला नाही. "थांब," एवढंच म्हणाला, वाकला, आणि दोन्ही हातांनी पाय वर ओढून घेतला. खिळा बोटभर लांब, गंजलेला. रक्त दोन थेंब आलं. मी त्याला धरून वर आणला आणि त्याच वेळी आत्या डोक्यावर पाण्याचा हंडा नि हातात भाकऱ्यांची टोपली घेऊन बांधावरून आली. तिनं पाय बघितला, विचारलं, "काय लागला?" दादूस म्हणाला, "खिला." तिनं हंडा उतरवला. झोपडीत जाऊन त्यातलंच गोडं पाणी तिनं चुलीवर तापवलं आणि टोप फडक्यात धरून बाहेर आणला. घरात पिण्यासाठी दिवसभराचं जेवढं पाणी, त्यातलं निम्मं असेल ते.

"धू," ती म्हणाली. "धवून उगडा ठेव. भरतीला होरी सुटंल ती धर, आनि सुई घे. कान्ह्या, माजा दादला असाच गेलाय."

"आत्ये, वर्ग मी शिकलोय की तू?" मी म्हणालो. "तुज्या राखंनं बिघरतात ती मानसं वेगली."

"राख मी लावतंच न्हाय म्हनतंय ना! राखंचा नाव तरी घेतला मी?"

"मंग बाजूला व्हय. ता पानी घरान ने. प्यायला व्हईल."

दादूस हसला. त्याला जायचं नव्हतंच. उधाण सोडून गेला तर तळं अर्धं राहणार होतं. तरी त्यानं मला विचारलं. हे मला स्पष्ट आठवतं, कारण त्यानं थट्टा सोडून विचारलं होतं. "बाल्या, खरा सांग. जाऊ काय तालुक्याला? तू म्हनशील तसा."

"काय गरज न्हाय," मी म्हणालो. "मी हाय ना."

आत्या टोप घेऊन आत गेली. मी वाफ्यातलं दाट पाणी ओंजळीनं त्या भोकावर मारलं. आगीनं दादूसचे दात एकमेकांवर घासले. मग लाल औषध, कापसाचा बोळा, आणि वरून आडव्या-उभ्या चार पट्ट्या, अशा घट्ट की चिखलाचा कण आत शिरू नये. दुपारी लोक आले तेव्हा त्यांनी तळवा बघून मान डोलावली. दादूस त्या पायावर चिखलात उतरला, तळं भरलं, आणि चार दिवसांनीही पट्टी सुटली नाही. मी ती कुणाकुणाला मुद्दाम दाखवली.

आठव्या दिवशी सकाळी दादूसनं भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला. वैनी म्हणाली, "काय व, काल भांडलाव म्हनून आज तोंड उगडत न्हाय?" आम्ही हसलो. तोही हसायला गेला आणि त्याला ते जमेना. दातांत करंगळीही शिरत नव्हती. आत्या पाणी भरून आली, तिनं एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं, हंडा तसाच कडेवर धरून ती मटकन खाली बसली आणि पाणी सगळं सांडलं. त्या सांडलेल्या पाण्याबद्दल कुणी काही बोललं नाही, तेव्हाच मला कळलं की हे काय आहे.

भरती दिवस कलल्यावर होती. तोवर होडी चिखलात बसलेली. दुपारपर्यंत त्याची मान ताठली होती. होडीत त्याला चटईवर निजवला, डोक्यावर गोणपाट धरला, कारण ऊन डोळ्यांवर आलं तरी त्याचं अंग धनुष्यासारखं वर उचललं जाई. वल्हं होडीच्या कडेला आपटलं तरी तेच. बाबांनी वल्ह्यांना आपलं मुंडासं फाडून गुंडाळलं. वैनी मंदाला घेऊन काठावर राहिली. होडीत आम्ही चौघं होतो: दादूस, बाबा, आत्या आणि मी. डबा मी घरीच ठेवला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत घेतलं, इंजेक्शन दिलं आणि आम्हाला म्हणाले, "उशीर झालाय. पण मी करतो ते करतो. एक लक्षात ठेवा, याची शुद्ध पूर्ण आहे. याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. मोठ्यानं बोलू नका." मग त्यांनी पट्ट्या सोडवल्या. वास आला. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि ओळखलं.

"तू वर्गात होतास."

मी मान हलवली.

"ही पट्टी तू मारलीस? खिळ्याच्या जखमेवर?"

मी सुटलेल्या पट्ट्या गोळा करू लागलो. डॉक्टर थकलेले होते. अशी माणसं त्यांनी किती पाहिली असतील. त्यांनी मान पुसली आणि स्वतःच पुढचा प्रश्न विचारला, बहुतेक प्रत्येकाला विचारत असतील तसा. "आधी काय भरलं होतं आत? शेण? राख?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची आशा होती. कशाची, ते मला अजून नीट सांगता येत नाही. धाकटा मुलगा तरी हातचा जाऊ नये, याची असेल. "बाल्या," ते हळूच म्हणाले, "आत्यानं राख लावलीवती?"

"व्हय," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "मी येईसतोवर तिनं भरलीवती. मी धवली तेवढी धवली. मंग वरून पट्टी मारली."

आत्या दारात उभी होती. तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती खाटेकडे धावली आणि आपल्या त्या बांधावरून बांधावर जाणाऱ्या आवाजात ओरडली, "मी हात न्हाय लावला! कान्ह्या, तू सांग रं! तू हुतास ना? सांग ना रं!" दादूसचं अंग त्या आवाजासरशी वर उचललं गेलं, टाचा आणि डोकं एवढंच खाटेला टेकलेलं, आणि तोंडातून फेसासोबत रक्त आलं. डॉक्टर किंचाळले, "या बाईंना बाहेर काढा!" बाबांनी तिला दंडाला धरून बाहेर ओढली. पुढे गावात हेही सांगत, की येसूनं शेवटी ओरडून त्याचा झटका वाढवला.

अंग परत खाली आल्यावर दादूसनं माझ्याकडे पाहिलं. मान वळत नव्हती, फक्त डोळे वळले. त्या रोगात चेहरा ताणला जातो आणि माणूस हसतोय असं दिसतं. तो तसा हसत माझ्याकडे बघत राहिला, मी भिंतीकडे तोंड करीपर्यंत.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

आत्याला घरातून कुणी जा म्हटलं नाही. वैनी तिच्या हातचं खाईना, एवढंच. मंदाला तिच्या मांडीवरून उचलून नेई. मिठागरावरच्या बायका विहिरीवर तिची कळशी आली की आपली बाजूला घेत. पंधराव्या-सोळाव्या दिवशी सकाळी तिनं बोचकं बांधलं. चौलकडे तिच्या नवऱ्याच्या बाजूची एक पुतणी होती, तिच्याकडे जाते म्हणाली. बाबा तिला होडीपर्यंत पोचवायला गेले आणि मीही गेलो, कारण न जाणं विचित्र दिसलं असतं. होडीत बसल्यावर बाबांना म्हणाली, "तुजा पोर शिकलेला हाय. शिकलेल्याचाच खरा." बाबा म्हणाले, "आक्का, झाला ता झाला." ती चौलला पाच-सहा वर्षं जगली. वाडीत सुपाऱ्या सोलायचं काम करायची, असं कळायचं. मी कधी गेलो नाही. एकदा चौलच्या देवीच्या जत्रेला गेलो होतो, तिच्या पुतणीचं घर विचारलं, आणि त्या गल्लीच्या तोंडाशी उसाचा रस पिऊन परत आलो. तिच्या मरणाची बातमी आली तेव्हा बाबांनी आंघोळ केली. वैनीनं केली नाही.

लोकांनी माझ्यावरचा विश्वास सोडला असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. उलट झालं. येसूची राख भोवली म्हटल्यावर लहानशा ओरखड्यालाही लोक माझ्याकडे येऊ लागले. मी डबा रिकामा केला. थर्मामीटर खाडीत टाकला, चिकटपट्टी वैनीच्या फुटक्या आरशाला लावून संपवली. साबणाची वडी आणि गोड्या पाण्याची बाटली ठेवली, आणि उरलेल्या जागेत कापूस आणि कापड. खिळ्याचा माणूस आला की मी जखम धुऊन, ओरडून, प्रसंगी ढकलून त्याला होडीत बसवायचो. दोघंतिघं त्यामुळे वाचले असतील. ते माझ्या पाया पडले. पुढे मुंबईला एका दवाखान्यात कंपाउंडर झालो, मग कारखान्यांतल्या कामगारांना तीस वर्षं प्रथमोपचार शिकवला. वर्गाच्या शेवटी मी एक गोष्ट सांगायचो: माझ्या सख्ख्या भावाच्या जखमेत एका अडाणी म्हातारीनं राख भरली आणि तो गेला. कामगार ते वहीत लिहून घ्यायचे. तीस वर्षं, वर्षाला पाच-सहा वर्ग. लिहिताना मी तो हिशेब करायला गेलो आणि सोडून दिला.

दादूसची मंदा आता सत्तरी ओलांडून गेली आहे. पेणला मुलाकडे असते. मागच्या महिन्यात मी एस.टी.नं तिच्याकडे गेलो. मुलगा-सून कामावर होते. तिनं मला चहा दिला, कोलंबीचं लोणचं दिलं, आणि वाल सोलत समोर बसली. मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याच क्रमानं, डॉक्टरांच्या यादीपासून. तिचे हात मध्येच थांबले, मग परत चालू झाले. तिच्या आईनं मरेपर्यंत येसूआत्याचं नाव घेतलं की थुंकलेलं तिनं पाहिलं होतं. तीही तसंच करत आली होती, असं ती म्हणाली. नातवंडांना तीच गोष्ट सांगत आली होती.

माझं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं. "तुम्ही डॉक्टरला तसं सांगितलंत तेव्हा माझ्या बाबांना ऐकू येत होतं?"

"हो," मी म्हणालो.

तिनं वालाची सालं पदरात गोळा केली. मला वाटलं ती रडेल, किंवा मला चालते व्हा म्हणेल. त्यातलं काही झालं नाही. ती उठली, आतल्या दारापर्यंत गेली आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"आत्याला पोरं नव्हती, काका. म्हणून तुम्हाला जमलं."

मी एस.टी.ची वेळ होईपर्यंत तिथेच बसलो. ती बाहेर आली नाही. निघताना मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभा राहिलो, आतून कडी लावल्याचा आवाज येईपर्यंत.